गोठू न देता गोठवणे

समजा, जुलै महिना आहे. लावणीची घाई चालली आहे. चिखलातून बांधावर चढणाऱ्या एका बाईच्या पायाला घोणस डसते. घरचे तिला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून सायवनच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. सर्पदंशावरचे औषध म्हणजे पांढऱ्या भुकटीची छोटी कुपी. त्या भुकटीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालायचे, ती विरघळू द्यायची आणि सलाइनमधून द्यायची. रक्त गोठते आहे की नाही हे पाहायलाही यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे असे समजायचे.

रोग्याला वाचवण्यासाठी लागणारे बहुतेक सारे इथे, डहाणू तालुक्याच्या डोंगराळ पूर्व भागात, होऊ शकते. मात्र एक प्रश्न उरतो आणि तो फक्त या बाईपुरता नाही. आपल्याकडचे सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचून तयार करतात. ते विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. मग तमिळनाडूच्या घोणशीवर बेतलेले औषध डहाणूच्या घोणशीवर किती लागू पडते? याचे उत्तर इथल्या रोग्यांच्या रक्तातच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे आणि सर्पदंशावर तिथे कामही झाले आहे. पण रक्त गोठवणाऱ्या घटकांचे बारीक मोजमाप करायचे तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत, म्हणजे बहुधा मुंबईला परळला, न्यावा लागतो.

इथे मराठीची एक गंमत होते. रक्ताची गुठळी होते तेव्हा आपण ‘रक्त गोठले’ म्हणतो आणि पाण्याचा बर्फ होतो तेव्हाही ‘पाणी गोठले’ म्हणतो. या दोन क्रिया अगदी वेगळ्या आहेत. आपल्याला पहिली क्रिया होऊ द्यायची नाही आणि दुसरी मात्र झटपट करायची आहे. पहिलीचा बंदोबस्त निळ्या झाकणाच्या नळीत आधीच केलेला असतो. तिच्यातले सोडियम सायट्रेट रक्तातले कॅल्शियम अडकवून ठेवते, त्यामुळे गुठळी होत नाही. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा येतो. आपल्याला हवा तो हाच प्लाझ्मा.

हा प्लाझ्मा फार काळ टिकत नाही. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी पाचवा आणि आठवा हे विशेष नाजूक, नुसते ठेवले तरी झिजत जातात. त्यातच घोणशीचे विष नेमके पाचव्या आणि दहाव्या घटकाला चेतवते. म्हणजे जे मोजायचे तेच हातातून निसटत असते. म्हणून रक्तशास्त्राच्या प्रयोगशाळांचा नियम असा की रक्त काढल्यापासून चार तासांत चाचणी करा, नाहीतर गोठवा. सायवनहून कासा, तिथून चारोटी नाका, मग महामार्ग आणि वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाची वाहतूक कोंडी. चार तासांत परळ गाठणे हा पावसाळ्यात नशिबाचा भाग आहे. त्यामुळे ‘नाहीतर’ हाच मार्ग उरतो: जागच्या जागी गोठवा.

चिकू फ्रीजरमध्ये ठेवला तर

गोठवायला काय लागते, केंद्रात डीप फ्रीजर असतोच, असे कुणी म्हणेल. लसींसोबत नेण्याचे बर्फाचे पॅक त्यातच तयार होतात. त्याचे तापमान उणे १५ ते उणे २५ अंश सेल्सियस असते. मग नळी त्यात ठेवून मोकळे का होऊ नये?

याचे उत्तर डहाणू-घोलवडच्या माणसाला घरीच मिळेल. पिकलेला चिकू रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्या. बशीत गोड पाण्याचे थारोळे होते आणि हातात मऊ, लिबलिबीत चोथा येतो. चिकू तोच आहे, पण त्याच्या पेशी फाटल्या आहेत. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. शिवाय गोठण्याची क्रिया सावकाश झाली की बर्फाला मोठे, टोकदार स्फटिक बनवायला भरपूर सवड मिळते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बर्फाचा स्फटिक शुद्ध पाण्याचा असतो, त्यात मीठ मावत नाही. जसजसा बर्फ वाढतो तसतसे उरलेल्या पाण्यात मीठ दाटत जाते. १९५०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी दाखवून दिले की गोठताना लाल पेशींची मोडतोड मोठ्या प्रमाणात या दाट झालेल्या मिठामुळे होते. प्लाझ्मात पेशी नसल्या तरी प्रथिने असतात आणि खारट, थिजत चाललेल्या पाण्यात तीही बिघडतात.

आता थोडा हिशेब करू. शरीरातल्या द्रवांत मिठासारख्या क्षारांचे प्रमाण साधारण ०.९ टक्के असते. मीठ-पाण्याचे मिश्रण पूर्ण घट्ट होते ते उणे २१.१ अंशाला आणि तेव्हा उरलेल्या द्रवात मीठ सुमारे २३ टक्के असते. म्हणजे पंचवीसपट दाट. ज्या डीप फ्रीजरचा काटा उणे २० वर आहे, त्यात नमुना दगडासारखा टणक दिसला तरी आत दर शंभर भागांतले चारेक भाग अतिखारट द्रवच राहतात. त्या द्रवात प्रथिनांची नासधूस संथपणे चालूच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र नमुना गोठलेला वाटतो.

प्रत्येक नमुन्याला घाई नसते

‘जितके जलद तितके चांगले’ हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. जिवंत पेशी जपायच्या असतील तर गणित उलटते. १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरॉल घालून कोंबड्याचे शुक्राणू गोठवले आणि ते पुन्हा जिवंत अवस्थेत मिळवले. पुढे अमेरिकेत पीटर मेझर यांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. फार सावकाश गोठवले तर पेशी खारट पाण्यात वाळते. फार झटपट गोठवले तर आतले पाणी बाहेर पडायच्या आधीच पेशीच्या पोटात बर्फ होतो. म्हणून बऱ्याच जिवंत पेशींना मिनिटाला एक अंश, इतक्या बेतानेच थंड करतात.

दुसऱ्या टोकाला अतिसूक्ष्म रचना पाहणारे शास्त्रज्ञ असतात. पाण्याला स्फटिक बनवायला सवडच द्यायची नाही, ते काचेसारखे थिजवायचे, यासाठी झाक दुबोशे यांनी १९८०च्या दशकात अत्यंत पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये बुडवण्याची रीत बसवली. तिथे थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखभर अंशांच्या घरात असतो. या कामासाठी त्यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

सायवनचा प्लाझ्मा या दोन टोकांच्या मध्ये बसतो. त्यात जपायला जिवंत पेशी नाहीत आणि काच होण्याचीही गरज नाही. रक्तपेढ्यांसाठीचा युरोपीय दंडक असा की प्लाझ्माची अख्खी पिशवी एका तासात पूर्ण गोठावी. आपल्याकडे अर्धा मिलिलिटरच्या छोट्या नळ्या आहेत, तेव्हा आपण लक्ष्य आणखी कडक ठेवू: दहा मिनिटांत उणे ५० अंश. हे करणारे तयार यंत्र लाखांत जाते. आपले उपकरण काही हजारांत बसले पाहिजे.

कुल्फीवाल्याचे शहाणपण

असे एक उपकरण आपण लहानपणी पाहिलेले आहे. कुल्फीवाला माठात बर्फाचा चुरा आणि जाडे मीठ भरतो. आटवलेल्या दुधाचे पत्र्याचे साचे त्यात खुपसतो आणि माठ हलवत राहतो. नुसत्या बर्फात कुल्फी होत नाही, कारण बर्फ शून्याला असतो आणि साखरेचे दूध गोठायला शून्याखाली जावे लागते. मीठ घातले की बर्फ वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूकडूनच ओढतो आणि मिश्रण थंड होत जाते. तीन किलो बर्फाला एक किलो मीठ या प्रमाणात ते उणे २१ अंशांच्या जवळ पोचते. तिथे थांबते. अकबराच्या काळी पाणी गार करायला सोरा वापरत, असे ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. तत्त्व त्याच्याच कुळातले.

म्हणजे ज्या उणे २१ वर कुल्फीवाल्याची थंडी संपते, तिथेच आपला नमुना कुठे पूर्ण घट्ट व्हायला लागतो. मीठच कुल्फी गोठवते आणि मीठच रक्ताला पुरते गोठू देत नाही. त्यामुळे पालघरच्या मिठागरातले मीठ कितीही स्वस्त असले तरी या कामाला ते पुरत नाही. मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड वापरले तर उणे ५० पर्यंत मजल जाऊ शकते, पण ते अगदी अडल्यानडल्याचा उपाय म्हणून.

कुल्फीवाल्याकडून घ्यायचा धडा थंडीचा नाही. तो साचे पत्र्याचे घेतो, मातीचे घेत नाही. साचे निमुळते आणि अरुंद असतात. ते हवेत टांगलेले नसून ओल्या, खारट लगद्यात रुतलेले असतात. वरून तो माठ हलवत असतो. उष्णता बाहेर पडायला सोपी वाट करून देणे, हा त्याच्या धंद्याचा गाभा आहे.

डीप फ्रीजर नापास होतो तो याच विषयात. फ्रीजरमध्ये नळीभोवती असते स्तब्ध हवा आणि हवेसारखी उष्णतेची आडमुठी वाहक शोधून सापडणार नाही. गोधडीची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेमुळेच असते. नळी फ्रीजरमध्ये ठेवणे म्हणजे तिला थंडीत नेऊन वर गोधडी पांघरण्यासारखे आहे. उणे ८० अंशांच्या महागड्या फ्रीजरमध्येही कोमट नमुने नुसते ठेवले तर ते रेंगाळतच गोठतात.

नळीची जाडीही तितकीच महत्त्वाची. जर्मन अभियंता रुडोल्फ प्लांक यांनी १९१३ मध्ये गोठण्याच्या वेळेचे सूत्र मांडले. आतून बाहेर उष्णता जाण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी निम्मी केली तर हा वेळ चौथाई होतो. जाड भाकरी वरून करपते तरी पोटात कच्ची राहते, त्यामागेही हेच गणित आहे. म्हणून दोन मिलिलिटर प्लाझ्मा एका नळीत भरण्यापेक्षा अर्धा-अर्धा मिलिलिटर चार बारीक नळ्यांत भरावा. गोठणे लवकर होते आणि पुढे एक चाचणी करायची असेल तर बाकीच्या तीन नळ्या वितळवाव्या लागत नाहीत.

थंडी किती लागते?

महागड्या यंत्राची भीती घालवायची असेल तर एकदा आकडेमोड करावी. एक मिलिलिटर प्लाझ्मा ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १२५ ज्यूल उष्णता काढावी लागते. शून्यावर त्याचा बर्फ व्हायला आणखी ३३४. पुढे उणे ६० पर्यंत न्यायला साधारण १२०. एकूण ५८० ज्यूलच्या आसपास. कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो आणि दर ग्रॅममागे सुमारे ५७० ज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे एक मिलिलिटर नमुन्याला एक ग्रॅम कोरडा बर्फ! वीस नळ्यांत मिळून दहा मिलिलिटर प्लाझ्मा असेल तर दहा ग्रॅम पुरावा.

प्रत्यक्षात किलोभर तरी लागतो, कारण थंडीचा मोठा हिस्सा भांडेच खाते. एक किलोचा अॅल्युमिनियमचा ठोकळा शंभर अंशांनी थंड करायला दीडशे ग्रॅम कोरडा बर्फ जातो. त्याऐवजी लिटरभर स्पिरिटचे कुंड थंड करायचे म्हटले तर तीनशे ग्रॅमच्या वर. उरलेला खर्च झाकण, भिंती आणि वाट पाहण्यात होतो. तेव्हा उपकरण स्वस्त करायचे म्हणजे जास्त थंडी निर्माण करायची नाही. आहे ती वाया जाऊ द्यायची नाही आणि ती नमुन्यापर्यंत लवकर पोचवायची.

यातून आराखडा आपोआप उभा राहतो. दीड-दोन इंच जाड भिंतीची थर्माकोलची पेटी घ्यायची. तिच्या मधोमध अॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवायचा. त्यात नळीच्या मापाची वीस छिद्रे लेथवर पाडून घ्यायची. बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यात असे काम करून देणारे कारागीर नक्की भेटतील. ठोकळ्याभोवती कोरड्या बर्फाचा चुरा ठासायचा. झाकण बसवायचे, पण घट्ट नाही. ठोकळा थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असतानाच पेटी भरून ठेवायची. भाकरी टाकायच्या आधी तवा तापवतो, तसेच हे उलट्या बाजूने.

यात एक बारीक गोष्ट राहते, आणि ती सर्वात मोलाची आहे. छिद्र आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. त्या फटीत हवा असते, म्हणजे पुन्हा गोधडी. प्रत्येक छिद्रात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकले, आरोग्य केंद्रात स्पिरिट म्हणतात त्यातलेच, की फट द्रवाने भरते. हे अल्कोहोल हवेपेक्षा पाचपटीहून अधिक उष्णता वाहून नेते आणि शुद्ध असेल तर उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही. लिटरभर कुंडाचे काम काही थेंबांत होते. फक्त नळीवरचे नाव-नंबर साध्या पेनाने लिहू नयेत. स्पिरिटने शाई पुसली जाते आणि मग नमुना कुणाचा हेच कळत नाही. शिसपेन वापरावी.

कोरडा बर्फ आणायचा कुठून?

मुंबईतून पेटीत घालून आणता येतो, पण थर्माकोलच्या पेटीतूनही तो दिवसाला दोन-चार किलो उडून जातो. सर्पदंश काही आगाऊ कळवून होत नाही. दुसरा मार्ग कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा. सिलिंडरमध्ये तळापर्यंत जाणारी नळी असेल तर तोटी उघडताच द्रव बाहेर उसळतो, झपाट्याने पसरतो आणि जाड कापडी पिशवीत पांढरा हिमचुरा साठतो. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये तिलोरिए यांना कोरडा बर्फ प्रथम दिसला तो असाच. सोडलेल्या द्रवाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागाचा हिमचुरा होतो. सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो, विजेची वाट पाहत नाही आणि गरज पडेल तेव्हाच खर्च होतो.

इथे मात्र डहाणूचा उन्हाळा आडवा येतो. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रव राहतो तो ३१ अंशांपर्यंतच. १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी ही सीमा दाखवली. त्या सीमेपलीकडे कितीही दाब दिला तरी द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा सहज पस्तिशी ओलांडतो. तेव्हा सिलिंडरमध्ये द्रवच नसतो आणि पिशवीत हिमचुऱ्याऐवजी गार फुसकारा तेवढा मिळतो. युरोपात लिहिलेल्या सूचनापुस्तिकेत ही अडचण बहुधा सापडणार नाही, कारण तिथल्या प्रयोगशाळेला ती क्वचितच भेटते. त्यावरचा तोडगा मात्र साधा आहे. सिलिंडरला ओले गोणपाट गुंडाळावे, तो वारा लागेल अशा सावलीत उभा करावा आणि वापरायच्या आधी तासभर पाणी शिंपडत राहावे. माठातले पाणी जसे गार होते तसाच सिलिंडर होतो. पावसाळ्यात बाष्पामुळे ही युक्ती मंदावते, पण तेव्हा पाराही उतरलेला असतो.

गुरांच्या डॉक्टरांची कॅन

तिसरी वाट अनेकांच्या ध्यानातही येत नाही, कारण ती माणसांच्या दवाखान्याकडून येत नाही. अतिथंड नमुने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कित्येक वर्षे मोटरसायकलवरून फिरत आहेत. कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे असलेली अॅल्युमिनियमची गोल, अरुंद गळ्याची कॅन आपण पाहिली असेल. तिच्यात उणे १९६ अंशांचे द्रवनत्र, म्हणजे द्रवरूप नायट्रोजन, असते आणि त्यात वळूच्या गोठित रेताच्या बारीक कांड्या बुडवलेल्या असतात.

महाराष्ट्रात या कामाशी मणिभाई देसाई यांचे नाव जोडलेले आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तेव्हा मणिभाई त्याच्या कामासाठी तिथे राहिले. १९६७ मध्ये त्यांनी बायफ ही संस्था उभारली आणि संकरित गाईंचा कार्यक्रम गोठित रेताच्या आधारे शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सायवनपासून फार दूर नसलेल्या जव्हारच्या आदिवासी पाड्यांत बायफची फळबागांची वाडी योजनाही रुजली. द्रवनत्राच्या कॅनही परदेशातून आणाव्या लागत नाहीत. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, आधी आयबीपी आणि नंतर इंडियन ऑइलच्या कारखान्यात, त्या तयार होत आल्या आहेत. दुहेरी भिंतीच्या मध्ये निर्वात पोकळी हे त्यांचे तत्त्व जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये वापरले. घरचा थर्मास त्याचाच भाऊ.

या कामातले खरे मर्म कॅनपेक्षा कांडीत आहे. पाव मिलिलिटरची कांडी जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. प्लांकच्या सूत्राने पाहिले तर दहा मिलिमीटर जाड नळीपेक्षा तिच्यातली उष्णता पंचवीसपट लवकर बाहेर येते. शिवाय कांड्या थेट द्रवात टाकत नाहीत. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब तडतडत नाचतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. कोमट नळी द्रवनत्रात टाकली की तिच्याभोवती नत्रवायूची अशीच गादी जमते आणि ती नळीला थंडीपासून वाचवत बसते. म्हणून लहान प्रमाणावर काम करताना थर्माकोलच्या पेटीत थोडे द्रवनत्र ओततात, त्याच्या पृष्ठभागापासून चारेक सेंटिमीटर वर जाळी ठेवतात, कांड्या तिच्यावर आडव्या मांडतात आणि दहा मिनिटे वाफेत गार झाल्या की मग द्रवात सोडतात. पेटी, जाळी आणि घड्याळ, एवढेच साहित्य. जगभरच्या प्रयोगशाळांत ही जुगाडी पेटी वापरली जाते.

पशुवैद्यकीय दवाखान्यांना द्रवनत्राचा पुरवठा ठरलेल्या फेऱ्यांनी होतो. त्याच गाडीतून एक जादा कॅन आरोग्य केंद्रासाठी आली तर? एकच खबरदारी: माणसाचे नमुने आणि वळूचे रेत यांची कॅन वेगवेगळी हवी. तंत्राची अडचण यात कुठेच नाही. आहे ती दोन खात्यांनी एकमेकांशी बोलण्याची.

परीक्षा कशी घ्यायची

उपकरण बनवणाऱ्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवू नये. एका नळीत प्लाझ्माऐवजी ०.९ टक्के मिठाचे पाणी भरावे, त्यात मधोमध बारीक थर्मोकपल बुडवावा आणि दर पाच सेकंदांनी तापमान लिहावे. हे काम छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर आपोआपही होते. आलेख पाहताना नवख्याला धक्का बसतो. तापमान शून्याखाली काही अंश उतरते आणि अचानक उलटे वर उडी मारते. यंत्र बिघडलेले नसते. पाणी गोठणबिंदूखालीही काही क्षण द्रवच राहिलेले असते. पहिला स्फटिक जन्मला की बर्फ होण्याची उष्णता एकदम सुटते आणि तापमान वर येते. त्यानंतर आलेख काही वेळ सपाट चालतो. हे पठार जितके आखूड तितके उपकरण चांगले. नळी ठोकळ्यात स्पिरिटशिवाय ठेवून आणि स्पिरिटसह ठेवून दोन्ही पठारे मोजा, म्हणजे थेंबभर स्पिरिटची किंमत कळेल.

काही धोके आधीच सांगायला हवेत. किलोभर कोरड्या बर्फाचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरू शकतो. खिडक्या उघड्या हव्यात. पेटी किंवा बाटली कधीही हवाबंद करू नये, ती फुटते. उघड्या हाताने कोरडा बर्फ उचलला तर कातडी भाजल्यासारखी सोलते. स्पिरिटजवळ विस्तव नको.

गोठवल्यानंतरही काम संपत नाही. नमुना परळला पोचेपर्यंत कोरड्या बर्फातच राहिला पाहिजे. वाटेत तो उणे २० च्या फ्रीजरमध्ये ‘तात्पुरता’ ठेवला तर सारी मेहनत वाया गेली. वितळवतानाही घाईच करायची, ३७ अंशांच्या पाण्यात. अमेरिकेत ज्युडिथ पूल यांना गोठलेला प्लाझ्मा थंडीत सावकाश वितळताना तळाशी साका बसलेला दिसला. तो साका आठव्या घटकाने भरलेला होता. १९६४ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि हिमोफिलियाच्या रोग्यांना त्यातून मोठे औषध मिळाले. पण ज्याला तोच घटक मोजायचा आहे, त्याच्या नमुन्यात तो असा तळाशी बसून चालत नाही.

काय गोठवू नये

उपकरण हाती आले की सारेच त्यात घालण्याचा मोह होतो. डहाणू-तलासरीच्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो आणि त्याची तपासणी इथे नित्याची आहे. ते रक्त गोठवायचे नसते. बर्फाने लाल पेशी फुटतात. साध्या फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांवर नमुना काही दिवस राहतो. गाळण कागदावर थेंब वाळवून पाठवायची सोयही जगात १९६० च्या दशकापासून आहे. लसींचे तर उलटेच: आरोग्यसेविकेला पहिल्यांदा शिकवतात ते ठरावीक लसी गोठू न देण्याचे. गोठवण्याची घाई हवी ती थोड्याच नमुन्यांना, आणि ते कोणते हे ठरवणे उपकरण बनवण्याच्या आधीचे काम आहे.

पालघर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या किंवा आयटीआयच्या मुलांनी हे उपकरण प्रकल्प म्हणून जरूर करावे. एक अट मात्र पाळावी. परीक्षा वातानुकूलित खोलीत घेऊ नये. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, केंद्रातल्या लॅब टेक्निशियनच्या हातून ती घ्यावी. त्या दिवशी दहा मिनिटांत उणे ५० अंश आले तर उपकरण सायवनचे झाले. नाही आले तर पुन्हा लेथकडे जावे.